खंडेनवमीचं लेथ मशीन

सुहास मुळे सर हल्ली सुप्याला जायचं टाळतात.

पारनेरच्या आमच्या शाळेत ते टेक्निकल विषय शिकवायचे. लोखंड कातायच्या लेथ मशीनला तळहातावरच्या फोडासारखं जपायचे. "बिघडलं तर दुरुस्तीला कोण येणार?" म्हणत पोरांना ते लांबूनच दाखवायचे. फळ्यावर मात्र त्याचा भाग न् भाग इतका सुरेख काढायचे की परीक्षेत पोरांना पैकीच्या पैकी मार्क पडायचे. मशीनला हात लावायला मिळायचा तो फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी पोरं ते लख्ख पुसायची, हळदकुंकू वाहायची, झेंडूची माळ घालायची. सर निवृत्त झाले तेव्हाही मशीन नवंकोरंच होतं, आणि आम्ही त्याचंसुद्धा कौतुकच केलं!

गेल्या वर्षी सुप्याच्या एमआयडीसीजवळ त्यांचा जुना विद्यार्थी गोरक्ष भेटला. अंगावर कंपनीचा गणवेश.

"सर, आमच्या कंपनीत लई लेथ हायेत."

सरांचा चेहरा खुलला. "वा! तू कोणत्या मशीनवर असतोस?"

"चालवायला बाहेरची पोरं हायेत. मला येत न्हाई म्हनून सफाईला घेतलं." सरांचा चेहरा पडलेला पाहून तो घाईघाईनं म्हणाला, "पन माझ्यावानी मशीन कुनी पुसत न्हाई, सर. तुमीच शिकवलं हुतं."