लेकीचं नाक

फौजेतून परत येताना नाथाजी मोहित्यांनी दोन गोष्टी बरोबर आणल्या. एक पेन्शन आणि दुसरी, वस्तू चमकवायची खोड. पेन्शन महिन्यातून एकदा दिसे, खोड रोज. फौजेत ते ट्रक चालवायचे. चालवायचे कमी आणि पुसायचे जास्त, असं त्यांची बायको राहीबाई म्हणायची. घरी आल्यावर पितळी तांब्यापासून विहिरीवरच्या मोटरपर्यंत सगळ्यांना त्यांचं फडकं लागलं. दाराशी त्यांची जुनी जीप उभी असायची. तिच्या बॉनेटमध्ये बघून शेजारचे लोक भांग पाडायचे. जे चमकत नाही ते बिघडलेलं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यांची लेक संयोगिता मात्र चमकण्यावर विश्वास ठेवणारी नव्हती. तिचं सासर जतकडचं, नवरा फौजेत. पलूस तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात तिला नोकरी लागली, म्हणून ती माहेरीच राहायची. कारखान्याच्या मागच्या अंगाला मळीपासून गॅस तयार करायचा प्लान्ट होता. तिथं कुठं गॅस गळतोय का हे हुंगत बसणारी यंत्रं, म्हणजे डिटेक्टर, तिच्या ताब्यात होती. ती बसवायची, तपासायची, बिघडली की बदलायची. हा गॅस हवेपेक्षा हलका, गळाला की वर चढतो. म्हणून डिटेक्टर छताशी लावलेले असतात. मूठभर आकाराचं धातूचं मुंडकं, त्याच्या तोंडाशी बारीक जाळी, आणि खाली भिंतीवर आकडा दाखवणारा पडदा. हवा स्वच्छ असली की आकडा शून्य. गॅस लागला की आकडा चढतो आणि वीसवर गेला की भोंगा वाजतो.

महिन्यातून एकदा संयोगिता शिडीवर चढे आणि बाटलीतला मापाचा गॅस एका टोपीतून मुंडक्याला हुंगवे. पडद्यावर पन्नास आला पाहिजे. थोडा कमी-जास्त आला तर जुळवून घ्यायचं. दिवसभर शून्य दाखवणारं यंत्र हुशार आहे की मेलंय, हे नुसतं बघून कळत नाही. दोघांचाही आकडा शून्यच असतो. ही गोष्ट तिने घरी जेवताना एकदा सांगितली होती. आबांना, म्हणजे नाथाजींना, ती फार आवडली. तेव्हापासून ते डिटेक्टरला ‘लेकीचं नाक’ म्हणू लागले.

कारण आबाही त्याच प्लान्टवर होते. घरात बसलो की अंगावर गंज चढतो, म्हणून त्यांनी ब्लोअरच्या शेडमध्ये ड्युटी धरली होती. दोन ब्लोअर गॅस ओढून बॉयलरकडे ढकलायचे. त्यांच्या आवाजावर आणि पडद्यावरच्या आकड्यावर लक्ष ठेवायचं, एवढंच काम. आल्यागेल्याला ते वर बोट दाखवून सांगायचे, ते बघा, माझ्या लेकीचं नाक. संयोगिताला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

आबांचं स्वतःचं नाक कोरोनात गेलं होतं. दुसऱ्या लाटेत ते दवाखान्यातून सुखरूप परत आले, पण भाकरीचा वास येईना, शेणाचा येईना, जीपच्या डिझेलचाही येईना. श्रावण आला तसं त्यांनी एक दिवस जाहीर केलं की वास परत आला. राहीबाईने देवापुढे साखर ठेवली आणि विषय मिटला. पुढे एकदा त्यांनी आंबलेली आमटी मिटक्या मारत खाल्ली. राहीबाई हसून म्हणाली, वय झालं की माणसाची जीभ सासुरवाशिणीसारखी गरीब होते. संयोगिताही हसली होती. कारखान्यात दरवर्षी डोळे, कान, रक्तदाब सगळं तपासत. नाक कोणी तपासत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला प्लान्टवर नेहमीसारखी पूजा झाली. यंत्रं पुसली, झेंडूच्या माळा चढल्या, मोटरींना हळदीकुंकू लागलं. शेडमध्ये काडी ओढायची नाही, म्हणून उदबत्ती बाहेर कडुलिंबाखाली लावली. एवढी शिस्त आबांनी स्वतः पाळून घेतली. दसऱ्यानंतर संयोगिता शेडमध्ये गेली तेव्हा वरचा डिटेक्टर नव्या भांड्यासारखा लखलखत होता आणि पडदा शून्य दाखवत होता. तपासणी दसऱ्याआधीच झाली होती, पुढची अजून लांब होती. तिला प्रसन्न वाटलं आणि ती पुढच्या कामाला गेली.

महिन्याची तपासणी आली त्या सकाळी ती गॅसची बाटली खांद्याला अडकवून शेडकडे निघाली. शेडच्या बाहेर गुंडा नावाचा वेल्डर जिन्याचा तुटलेला कठडा जोडायला आला होता आणि केबल उलगडत होता. शेडजवळ ठिणगी उडवायची तर आधी आतला आकडा बघायचा, असा नियम. गुंडाने विचारलं होतं आणि आबांनी आतून सांगितलं होतं, शून्य हाय, कर सुरू.

संयोगिता दाराशी पोचली आणि तिच्या कमरेचं गॅस मोजायचं छोटं मीटर ओरडायला लागलं. त्याच क्षणी तिला वास आला. या गॅसमधलं गंधक धुऊन काढलं तरी थोडं राहतंच, आणि तेवढं कुजक्या अंड्यासारखं नाकात शिरतं. आत आबा स्टुलावर बसून थर्मासच्या झाकणातून चहा पीत होते. डोक्यावर लखलखता डिटेक्टर, समोर पडद्यावर शून्य. आणि तिच्या हातातलं मीटर सव्वीस दाखवत होतं.

तिने आधी गुंडाला थांबवलं, मग आबांना दंडाला धरून बाहेर ओढलं. बाहेरच्या बटणाने ब्लोअर बंद केले. गॅस चिमणीकडे वळवला. थोड्या वेळाने वारा खेळला आणि मीटर गप्प झालं. एका सांध्यातली रबरी चकती, गॅस्केट, चिरली होती, एवढंच निघालं. गुंडा कडुलिंबाखाली बसून घटाघटा पाणी पीत राहिला. संयोगिता शिडीवर चढली. मुंडक्यावर टोपी बसवली, गॅस सोडला. पडद्यावरचा आकडा हलला नाही. बाटलीतला गॅस संपत आला तरी शून्य. जाळीवर बोट फिरवलं तर बोट बुळबुळीत झालं.

मॅनेजर धैर्यशील जगताप धावत आले. त्यांनी विचारायच्या आतच आबा म्हणाले, मीच चमकवलं, खंडेनवमीला. शिडीवर चढून, जीपच्या डॅशबोर्डचं स्प्रे पॉलिश मारून. सगळी यंत्रं चमकायची आणि लेकीचं तेवढं धुळीत राहायचं, हे त्यांना बघवलं नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. त्या पॉलिशमधलं सिलिकॉन मुंडक्याच्या आत बसलं की ते कायमचं मरतं, पुसून जिवंत होत नाही. संयोगिताने हे सांगितलं तेव्हा आबांचा चेहरा एवढासा झाला.

जगताप माणूस वाईट नव्हता. पूजेत झालेली चूक, पुढच्या वर्षी डिटेक्टरला हात लावायचा नाही, असं म्हणून त्यांनी विषय मिटवायला घेतला. जाता जाता त्यांनी विचारलं, “पण नाथाजीराव, एवढा वास मारत होता. तुम्हाला नाही आला?”

“सर्दी झालीया साहेब,” आबा म्हणाले.

जगतापांनी मान हलवली. सकाळी आबांनी संयोगिताच्याच शेजारी बसून न्याहारी केली होती. त्यांना सर्दी नव्हती.

दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. नवं मुंडकं बसवताना तिच्या हातून दोनदा स्क्रू पडला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि या मुठीत तर बापाची इज्जत होती. बोललं तर ते शेडमधून निघणार आणि घरात बसणार. घरात बसलेला बाप म्हणजे गंजलेला बाप, हे त्यांचंच म्हणणं. आणि न बोललं तर उद्या पुन्हा ते त्याच स्टुलावर. तिला त्यांच्या जिवाची भीती वाटत होती आणि त्यांचा रागही येत होता. पण सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचा आला होता. दर महिन्याला यंत्राला गॅस हुंगवून बघणारी ती, बापाच्या तोंडचा शब्द मात्र तिने न तपासता घेतला होता.

दिवेलागणीला राहीबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. आबा पाटावर बसले होते. संयोगिता मिसळणाचा डबा घेऊन समोर बसली आणि म्हणाली, आबा, डोळे मिटा. त्यांना कळलं असावं, पण त्यांनी मिटले. तिने हिंगाची डबी उघडली, चिमूटभर वाटीत टाकलं आणि वाटी त्यांच्या नाकाशी धरली.

“हिंग,” आबा लगेच म्हणाले.

राहीबाई खुशीत म्हणाली, बघ, उगंच शंका घेती पोरगी. संयोगिताचाही जीव भांड्यात पडला होता. पण मग तिच्या ध्यानात आलं. हिंगाच्या डबीचं झाकण घट्ट, उघडताना ते टक वाजतं. घरात तसं वाजणारं दुसरं काही नव्हतं. तिने झाकण लावलं, पुन्हा टक करून उघडलं, आणि हिंग न टाकता दुसरी, घासलेली वाटी त्यांच्या नाकाशी नेली.

आबांनी खोल श्वास घेतला. “हिंगच की. लय उग्र हाय.”

“आबा,” ती म्हणाली, “वाटी रिकामी हाय.”

राहीबाईचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिचा वास घरभर झाला आणि तिघांपैकी दोघींनाच तो आला. आबांनी डोळे उघडले नाहीत.

मग ते म्हणाले, “नाक गेल्याला गडी कोन ठिवतंय गं कामावर? आणि तुजी आई रोज इचारायची, आला का वास, आला का वास. तिच्या तोंडाकडं बघवंना. म्हनलं, आला.”

राहीबाईने पदर तोंडाला लावला. संयोगिताला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही. आबांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मेल्यालं मुंडकं तू काय करतीस?”

“काढती,” ती कशीबशी म्हणाली. “नवं बसवती.”

“मग तसंच कर. उद्या साहेबास्नी तूच सांग. माज्या तोंडातनं शून्यच निघंल.”

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. जगतापांनी आबांना उसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर घेतलं. तिथं उघडं आभाळ आणि डोळ्यांचं काम. पहिले काही दिवस ते रुसल्यासारखे जात, मग काट्याची काच पुसायला लागले. शेडमधल्या स्टुलावर दुसरा माणूस बसला. संयोगिता त्यालाही महिन्यातून एकदा काहीतरी हुंगवते. तो तिला खुळी समजतो.

वर्ष फिरलं, खंडेनवमी आली. दाराशी जीप धुऊन उभी होती. आबांनी पूजेच्या पाटावर कोयता, खुरपं, पाना मांडला आणि शेजारी ते मेलेलं मुंडकं ठेवलं. ते त्यांनी लेकीकडून मागून घेतलं होतं. मग पॉलिशचा डबा उघडून ते जीपपाशी गेले आणि थांबले.

“संयोगिता, ह्याला वास असतो का गं?”

“असतो, आबा. लिंबाचा.”

“लिंबाचा व्हय,” ते म्हणाले. डब्याचं टोपण त्यांनी परत लावलं आणि कोरडं फडकं घेऊन जीप पुसायला लागले.