धोतर बघून दिलेली देणगी

आता माझ्याच शहाणपणाची गोष्ट सांगतो. चहा जरा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल!

लातूर जिल्हा नवा-नवा झाला होता अन् पाऊस दोन वर्षं रुसलेला. माझा खोकल्याच्या औषधाचा छोटा कारखाना. पाण्याशिवाय पातळ औषध होतं का कुठं? मशिनी धूळ खात पडल्या.

आमचे मॅनेजर म्हणाले, "मंत्री दौऱ्यावर येऊन राहिलेत. पक्षाला देणगी द्या, उद्यापासून टँकर सुरू!"

मी जाडजूड पाकीट खिशात घालून विश्रामगृह गाठलं. मंत्र्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण पांढरं धोतर, पांढरी टोपी, एवढी खूण पुरे की!

व्हरांड्यात तसेच एक गृहस्थ बसलेले. मी पायच धरले.

"साहेब, तुमच्या पक्षासाठी छोटीशी देणगी."

"आमचा पक्ष मुक्या जनावरांचा हाय," ते म्हणाले.

वा! गरीब जनतेचा केवढा कळवळा!

"आमचं पाण्याचं तेवढं बघा, साहेब."

"पाण्याचंच तर लई बिकट हाय. हौद बांधून राहिलो."

म्हटलं, झालं काम! वर त्यांनी चक्क पावती फाडली. पुढाऱ्यानं पावती दिलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तरी डोक्यात प्रकाश पडला का? न्हाई!

तेवढ्यात एक बुशशर्टवाले घाईनं आत निघाले. मी आडवा गेलो.

"ओ, थांबा जरा! साहेब बोलून राहिलेत, दिसत न्हाई?"

दारातला शिपाई पांढराफटक. "अहो, मंत्रीसाहेब हेच हायेत!"

"मग हे कोण?"

धोतरवाल्यांनी हात जोडले. "मी लोहा गावचा गुरुजी. जनावरांच्या छावणीसाठी साहेबांकडं मदत मागायला आलो होतो. या भल्या माणसानं मागायच्या आधीच दिली!"

मंत्र्यांनी पावती वाचली अन् माझ्या खांद्यावर हात टाकला. संध्याकाळच्या सभेत मला शेजारी उभं करून म्हणाले, "बघा हा कारखानदार! एवढं दान केलं, पण स्वतःसाठी काहीएक मागितलं न्हाई!"

टाळ्यांचा कडकडाट! आता तुम्हीच सांगा, यानंतर टँकर कोणत्या तोंडानं मागायचा? मी गळ्यातला हार सावरत नुसता हसत राहिलो. पाऊस पडेपर्यंत कारखाना बंद!

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, आता आपली काही धडगत न्हाई. पण ती शांतपणे म्हणाली,

"अहो, इतकी वर्षं पुढाऱ्यांना देणग्या देताय. आज पहिल्यांदा योग्य माणसाला दिलीत. तीही चुकून!"