पोचलेला घास

बुलढाण्याहून मेहकरला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या काकांनी ओळख व्हायच्या आतच शर्टाची बटणं सोडली आणि बरगड्यांवरचे चार बारीक व्रण दाखवले.

“अन्ननलिकेत गाठ होती, भाऊ. लाखात एखाद्यालेच होते म्हणे. दुर्बिणीनं काढली. पण पाह्याले येणारे एवढूसे छिद्रं पाहून नाराजच होतात! माह्या भावाचं नुसतं अपेंडिक्स, पण टाके वीतभर. गावात मान त्यालेच!”

चिखलीला मी गरम भजी घेतली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एका भज्याचा चिमटीएवढा तुकडा तोडून सावकाश चावून गिळला. मग त्यांचं बोट गळ्यापासून छातीवरून हळूहळू खाली सरकू लागलं. मी आजवर एकाही घासाची अशी वाट पाहिली नव्हती.

बोट पोटाशी थांबलं.

“पोचला,” ते म्हणाले आणि उरलेलं भजं उचललं.