झांजांच्या बाजूची मार्सी

मार्सी डोम्ब्रोव्स्की ड्रमच्या डाव्या हाताला उभी राहू लागली ती केवळ एका भट्टीमुळे. गिल फेरेन्झच्या तळघरात उजव्या कोपऱ्यात घर तापवणारी जुनी भट्टी होती आणि टोलेडोचा हिवाळा म्हणजे हाडं गोठवणारा. लाइल आमस्टट्झ गायचा, गिटार वाजवायचा, त्यामुळे सगळ्यात चांगली जागा आपली असं तो धरूनच चालायचा. त्याने भट्टीजवळची ऊब पटकावली. मार्सीच्या आणि तिच्या बेस गिटारच्या वाट्याला आली डावी बाजू. तिथे गिलची हाय-हॅट होती. म्हणजे पायाने उघडझाप करायची आणि काठीने बडवायची पितळी झांजांची जोडी. मार्सीच्या उजव्या कानापासून ती हातभर अंतरावर होती. मार्सी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कान झिजतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ते हसण्यावारी नेलं असतं.

गिलची आई ज्या थंडगार खोलीत आंबवलेल्या कोबीच्या बरण्या ठेवायची, तिच्यावरून बँडचं नाव पडलं कोल्ड पॅन्ट्री. म्हातारी हंगेरियन, तोंडाने फटकळ. "कावळे बरे तुमच्यापेक्षा," असं म्हणत ती वर कोंबडीचा लाल रस्सा आणि कणकेचे गोळे रांधायची, आणि कावळे ताट चाटूनपुसून स्वच्छ करायचे.

मग इतर बँडचं होतं तसंच त्यांचं झालं. एक गळकी व्हॅन मिळाली. कुणाच्या तरी घरी जमिनीवर झोपणं, सकाळी पेट्रोल पंपावरचं सँडविच, पुढचं गाव. छोट्या कंपनीने एक रेकॉर्ड काढली, मग मोठ्या कंपनीने एक. त्या मोठ्या रेकॉर्डवर 'ओले हातमोजे' नावाचं गाणं होतं आणि ते एका उन्हाळ्यात सगळ्या रेडिओंवर वाजलं. टोलेडोच्या काच कारखान्यात जन्म काढलेला मार्सीचा बाप जेवणाच्या सुट्टीत ते लावून बसायचा. "मधलं ते धम्म धम्म आहे ना, ती माझी पोरगी," असं सांगायचा. एवढं कौतुक त्याने तिच्या तोंडावर कधी केलं नाही.

त्या गाण्याची गंमत त्याच्या थांबण्यात होती. दोनदा सगळे एकदम थांबायचे. काठ्यांनी मोजणं नाही, मान हलवणं नाही. पूर्ण शांतता. लोक श्वास रोखून उभे असायचे, आणि मग तिघे एकदम कोसळायचे. वर्तमानपत्रवाल्यांनी खूप विचारलं, पण ते कसं जमतं हे तिघांनाही सांगता आलं नसतं. जमायचं, बस्स.

तिघेच, कारण चौथा प्रुइट नेब्रास्कात गळाला. तो दुसरी गिटार वाजवायचा आणि दारू प्यायला लागल्यावर वाजवेनासा झाला. त्याला कुणी जा म्हणालं नाही. या धंद्यात तशी रीतच नाही. फक्त फोन येत नाही. एका गुरुवारी बाकीचे सरावाला जमले, आणि प्रुइटला जे समजायचं ते समजलं. मार्सीला तेव्हा ते सोयीचं वाटलं होतं.

पुढची रेकॉर्ड पडली, कंपनीने हात वर केले आणि बँड मोडला. मोडला असंही कुणी म्हणालं नाही. फोनच थांबले. लाइल जाहिरातींची गाणी करू लागला, गिल छपरं शाकारू लागला. मार्सीने लग्न केलं, ते निस्तरलं आणि शाळेची बस चालवायला घेतली. बसच्या परवान्याच्या तपासणीत डॉक्टर मागे उभा राहून कुजबुजतो आणि आपण ते शब्द परत म्हणायचे. डाव्या बाजूने तिने म्हटले. उजव्या बाजूने डॉक्टर कुजबुजला की नाही, तेच तिला कळलं नाही.

"एक कान पुरतो बसला," तो म्हणाला. "पण हा दुसरा सांभाळा, बाई."

ती घरी आली आणि कुणालाच काही बोलली नाही. सांगायला होतं तरी कोण?

बऱ्याच वर्षांनी फोन आला. जुन्या रेकॉर्डला तीस वर्षं होणार, लोक विचारताहेत, एकदा फिरून येऊ, असं लाइल म्हणाला. मार्सीने आधी हो म्हटलं आणि मग ती स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली. आनंदाने तिला रडू फुटलं. पोरांच्या आरडाओरड्यात स्टिअरिंग धरून बसलेली बाई आपण नाही, आपण दुसरीच कुणीतरी आहोत, हे तिला इतकी वर्षं एकटीलाच माहीत होतं. आता ते पुन्हा चारचौघांत खरं होणार होतं. आणि कान कळला, तर ते हातचं जाणार होतं. प्रुइटला विसरायला ती काही मूर्ख नव्हती.

तळघरात सराव सुरू झाला तेव्हा तिने युक्ती काढली. उजवीकडून ऐकू येतो तो नुसता गाळ, तर डोळ्यांनी वाजवायचं. गिलचा उजवा पाय मोठ्या ढोलाच्या पायपट्टीवर पडायचा, आणि त्याचा गुडघा वर आला की आता ठोका येणार हे तिला दिसायचं. तिचं नशीब असं की गिल हल्ली गुडघा फार उंच उचलायचा.

"परेडमधला घोडा झालास की रे," लाइल म्हणायचा. "वयाबरोबर नखरे वाढले."

"तुझं पोट वाढलं त्यापेक्षा बरं," गिल म्हणायचा.

क्लीव्हलँड, पिट्सबर्ग, डेट्रॉइट, सगळीकडे निभावलं. 'ओले हातमोजे'तल्या शांततेत मार्सी त्या गुडघ्यावर डोळे लावून उभी राहायची आणि बरोबर कोसळायची.

मग आला टोलेडोचा कार्यक्रम, घरचाच. जुनं थिएटर भरलं होतं. तिच्या बसमधल्या पोरांचे आईबाप पुढे येऊन बसले होते. कार्यक्रमाच्या तोंडावर थिएटरचा आवाजवाला म्हणाला, "गाणाऱ्याच्या माइकमध्ये सगळ्या झांजाच घुसताहेत." आणि त्याने ड्रमभोवती जाड पारदर्शक प्लास्टिकची भिंत उभी केली. तीस वर्षांपूर्वी ही भिंत कुणी उभी केली असती, तर मार्सीचा कान आज तिच्याजवळ असता. पण तिला ते सुचलंही नाही. भिंत पारदर्शक आहे, गुडघा दिसेल, एवढंच तिने पाहिलं.

दिवे लागेपर्यंत दिसलाही. दिवे लागले आणि भिंतीत तिला दिसली मार्सी डोम्ब्रोव्स्की, गळ्यात बेस अडकवलेली, पांढऱ्या केसांची, घाबरलेली.

साधी गाणी तिने सवयीवर ओढून नेली. 'ओले हातमोजे' आलं, सगळे थांबले. थिएटर गप्प झालं. मार्सी भिंतीत बघत राहिली, आणि भिंतीतली बाई तिच्याकडे. आता, असं तिला वाटलं. त्या भरल्या शांततेत तिचा एकटीचा जाडजूड सूर पडला.

लोक हसले. लाइल माइकवर म्हणाला, "मार्सीला जरा घाई आहे, मंडळी. सकाळी बस न्यायचीय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मार्सीही हसली. दुसऱ्या शांततेला मात्र तिने वाट पाहिली, अंमळ जास्तच पाहिली, आणि दोघे कोसळून गेल्यावर मागून एकटी पोचली. या वेळी कुणी हसलं नाही. लाइलने वळून पाहिलं, आणि ते पाहणं तिला ओळखीचं वाटलं. नेब्रास्कात त्याने प्रुइटकडे असंच पाहिलं होतं.

कार्यक्रमानंतर लाइल ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आरशाकडे बघत म्हणाला, "छान झालं." आणि निघून गेला.

पुढचा कार्यक्रम शिकागोला होता, आणि त्याआधीचा सराव गुरुवारी. सोमवार गेला, मंगळवार गेला. मार्सी न्हायला जातानाही फोन बरोबर नेत होती. बुधवारी दुपारी पोरांना घरोघरी सोडल्यावर तिने बस आगारात नेलीच नाही. गिलच्या अरुंद गल्लीत तिने ते पिवळं धूड घुसवलं आणि दारात उभं केलं. नियमाने हे चालत नाही. तिला त्या दिवशी नियमाचं काही पडलं नव्हतं.

गिल लंगडत दारात आला. "अगं, बस घेऊन आलीस? शाळेने हाकललं की काय?"

"शाळेने नाही. तुम्ही हाकललंत का, ते विचारायला आलेय."

गिलने दार पूर्ण उघडलं. "आत ये. लाइलचा फोन आला होता. कोलंबस गावचा एक मुलगा आहे म्हणतो, बेस वाजवणारा."

"कसा वाजवतो?"

"चांगला वाजवतो. तीच तर बोंब आहे."

ती उभीच राहिली. "गिल, माझा उजवा कान गेलाय."

"माहितीये मला."

"काय माहितीये?"

"पुन्हा सुरू केलं ना, त्याच दिवशी कळलं. पूर्वी तू छताकडे बघून वाजवायचीस. आता माझ्या पायाकडे टक लावून बघत होतीस. माझा पाय काही इतका देखणा नाही."

मार्सीने त्याच्या पायाकडे पाहिलं. मग एकदम सुचलं. "म्हणून तू तो गुडघा..."

"मग काय, मी खरंच घोडा आहे?" तो खुर्चीत बसला आणि त्याने पाय हातांनी उचलून सरळ केला. "छपरांवर चढून आधीच झिजला होता. आता डॉक्टर म्हणतो, बदलावा लागेल."

तिला आभार मानावेसे वाटले नाहीत. तिला भयंकर राग आला, त्याचा आणि स्वतःचाही. "तोंड शिवलं होतं का तुझं? एवढे दिवस?"

"तुझं नव्हतं शिवलं? आणि काय बोलू मी, मार्सी? माझ्याच झांजांनी खाल्लाय तुझा कान. कुठल्या तोंडाने बोलू?" त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते लपवले नाहीत. "ऐक. तू दुसऱ्या बाजूला उभी राहा. डावा कान माझ्याकडे. लाइलला मी बघतो. कुरकुर करेल, सरकेल."

किती सोपं होतं! तीस वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण भट्टी तिथे होती. मार्सी हसली, आणि मग हसणं आवरून म्हणाली, "डावाही शिट्टी घालायला लागलाय रे. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाही गेला तर बससुद्धा गेली. पोरं मागून हाका मारतात, त्या ऐकू नकोत यायला?"

गिल गुडघा चोळत राहिला.

"चल खाली," ती म्हणाली. "एकदाच वाजव. मी लाइलच्या जागेवर उभी राहते."

तळघरातली भट्टी केव्हाच काढून टाकली होती. जमिनीवर तिचा काळा चौकोन तेवढा होता. मार्सी त्या चौकोनावर उभी राहिली, गिलचा जुना बेस गळ्यात घातला आणि जिना उतरताना आवाज अडवायला डाव्या कानात घातलेलं रबरी बोंडुक काढून खिशात टाकलं. गिलने सुरुवात केली. झांजा तिला स्वच्छ ऐकू आल्या, बारीक, हलक्या, कुणी शेजारच्या खोलीत मीठ चाळत असल्यासारख्या. तो इतका नाजूक वाजवतो हे ती पार विसरून गेली होती. तिने डोळे मिटून घेतले.

शांतता आली. आणि त्या शांततेत गिलने नाकाने श्वास घेतला.

एवढंच होतं तर. लाइल त्यावर यायचा, एकेकाळी तीही त्यावरच यायची. आता तो श्वास म्हाताऱ्या माणसाचा होता, जरा घरघरता. ती बरोबर त्यावर कोसळली. दुसऱ्या शांततेलाही कोसळली. गाणं संपल्यावर तिने बेस उतरवून भिंतीला टेकवला, बोंडुक परत कानात घातलं, आणि गिलने काठ्या खाली ठेवल्या.

मग ती वर आली, बोंडुक काढलं, लाइलला फोन लावला आणि नेहमीसारखा डाव्या कानाला धरला.

"मार्सी?" लाइल दचकला. "मी तुला फोन करणारच होतो..."

"नव्हतास करणार. असू दे. त्या कोलंबसच्या मुलाला एक सांग. 'ओले हातमोजे'त मोजत बसू नको म्हणावं. गिल श्वास घेतो. तेवढा ऐक म्हणावं. आणि त्याला झांजांच्या बाजूला उभं करू नका."

लाइल काहीतरी बोलू लागला, घाईघाईने, गोड आवाजात. मार्सीने फोन डाव्या कानावरून काढला आणि उजव्या कानाला लावला, आणि त्याचं बोलून होईपर्यंत तिथेच धरून ठेवला.