बोर्डावरच्या भाऊंची शर्यत

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेरीत पुरेशी टेबलंही नव्हती. मी देवणीकडचा, नुकताच कारकून म्हणून लागलेला. मला टंचाई शाखेत बसवलं. शाखा म्हणजे भाड्याच्या इमारतीतल्या जिन्याखालची जागा, दोन खुर्च्या, एक फोन आणि भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा. नकाशाही जुन्याच जिल्ह्याचा, त्यावर कुणीतरी निळ्या पेन्सिलीनं नवी हद्द आखलेली. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी गेला होता. कुठल्या गावाला टँकर पोचला, कुठला शिरूर अनंतपाळच्या वाटेवर बंद पडला, कुणाची विहीर ताब्यात घ्यायची, हे सगळं दिवसभर फोनवर चालायचं. आणि त्यातला प्रत्येक फोन आधी भाऊंच्या हातून यायचा.

भाऊ आमचे टेलिफोन ऑपरेटर. वय चाळिशीचं, मूळचे किनवटकडच्या जंगलातल्या एका गावचे. सात-आठ वर्षांचे असताना त्यांना देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. पुढं अंधशाळेत शिकले, सरकारी नोकरीला लागले आणि नव्या जिल्ह्याबरोबर लातूरला आले. त्यांच्या पुढ्यात एक लाकडी बोर्ड होता. फोन आला की त्यातली एक बारकी झडप टक्कन पडायची. कोणती पडली ते त्यांना आवाजावरूनच कळायचं. बोट नुसतं खात्री करायला जायचं. कचेरीत ते कुणालाच नावानं हाक मारायचे नाहीत, शाखेनं मारायचे. ‘बोला, महसूल.’ ‘थांबा पुरवठा, साहेब लाइनवर हायत.’ तसा मी झालो टंचाई.

एकदा सकाळी त्यांनी मला एक फोन जोडून दिला आणि तो संपल्यावर लाइन न तोडता विचारलं,

“टंचाई, तुम्ही सकाळी पळता का?”

मी चकित झालो. हे मी कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं. पोलीस भरतीसाठी म्हणून मी पळायला लागलो, भरतीत उंची अर्ध्या इंचानं कमी भरली, भरती गेली आणि पळणं तेवढं राहिलं. तुम्हाला कुणी सांगितलं म्हणून मी विचारलं तर म्हणाले की ज्या दिवशी पळून येता त्या दिवशी तुमचा श्वास लांब राहतो, काल गेला नव्हतात. खरंच गेलो नव्हतो.

मग त्यांनी विचारलं, “मला घेऊन पळाल का?”

अंधशाळेच्या अंगणात एक तार ताणलेली होती. तिच्यावर हात ठेवून मुलं या टोकाकडून त्या टोकाकडं पळायची. भाऊ तिथं सगळ्यांत जोरात पळायचे, पण तार संपली की थांबावं लागायचं. शाळा सुटली तशी तारही सुटली. पुढची वीस वर्षं ते फक्त चालले, असं त्यांनी मला नंतर एकदा सांगितलं. सांगताना आवाजात तक्रार नव्हती.

नव्या कचेरीसाठी गावाबाहेर माळ राखून ठेवला होता आणि त्याच्याभोवती मुरमाचा रस्ता दाबून घेतला होता. तिथं आम्ही दोघं उजाडता उजाडता जायचो. पायजम्याची एक नवी नाडी आम्ही हातभर लांबीची कापली. एक टोक त्यांच्या डाव्या हातात, एक माझ्या उजव्या. पहिल्या दिवशी मी तोंडाचा पट्टाच सुरू केला. खड्डा आला, दगड आला, बाभळीची फांदी आली, समोरून म्हैस येतेय, ती वळली. एक फेरी झाल्यावर ते शांतपणे म्हणाले की सगळं सांगू नका, लागंल तेवढंच सांगा, तुम्ही बोलता त्यात मला रस्ता ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी मी इतका गप्प राहिलो की त्यांना घेऊन थेट खडीच्या ढिगावर गेलो. ते पडले. गुडघा फुटला. मला काय करावं सुचेना. ते उठले, गुडघा चाचपला आणि मलाच समजावू लागले: तुमचा हात माझ्याआधी थांबला होता, मला कळलंही होतं, पण हाताच्या बरोबर आवाज पाहिजे.

असं मी त्यांच्याकडून शिकत गेलो. तीन-चार महिन्यांत आम्ही माळाला दहा-दहा फेऱ्या मारू लागलो.

पुण्याच्या शर्यतीचं भाऊंनीच रेडिओवर ऐकलं. एकवीस किलोमीटर. मला वाटलं, हौसेनं बोलत असतील. पण त्यांनी माझ्याकडून फॉर्म भरून घेतला, सही म्हणून अंगठा न देता स्वतः गिरवून नाव लिहिलं, आणि आम्ही दोघं दिवसाच्या एसटीनं पुण्याला गेलो. माझ्या मामेबहिणीच्या घरी उतरलो. तिनं आदल्या दिवशी आम्हाला पोळ्या आणि भरपूर भात जेवायला घातला, आणि भाऊंना विचारायला संकोचत होती म्हणून मलाच आत बोलावून विचारलं की हे खरंच पळणार आहेत का. मी हो म्हणालो, पण माझा आवाज काही ठाम निघाला नाही.

सकाळी मैदानावर पोचलो तर माणसांचा नुसता लोंढा. मी आयुष्यात एवढे बूट एका जागी पाहिले नव्हते. माझ्या पायात कॅनव्हासचे होते, भाऊंच्याही. छातीवर बिल्ला लावलेल्या एका माणसानं आम्हाला दोरीपाशीच अडवलं. एवढ्या गर्दीत हे पडले, लोक यांच्यावरून गेले, तर जबाबदारी कुणाची, असं तो विचारत होता. त्याचंही चुकत नव्हतं. मी विनवण्या करायला लागलो. भाऊंनी माझा हात दाबला आणि त्याला म्हणाले, “साहेब, तुमच्या फॉर्मात किती डोळे पाहिजेत ते लिहिलंय का?”

त्या माणसानं फॉर्म उलटून पाहिला. मग म्हणाला, सगळ्यांत मागं उभे राहा. भाऊंना तेच हवं होतं.

शर्यत सुटली आणि पहिला अर्धा किलोमीटर भाऊ एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, घाबरले. मी विचारलं, तर त्यांनी मान हलवली. पुढं हजारो पाय पडत होते, डांबरावर, पुलाच्या लोखंडावर, पुन्हा डांबरावर. ते ऐकत होते. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाले की इतके पाय एका वेळी मी कधी ऐकले न्हाईत. चेहऱ्यावर असं हसू होतं की बाजूनं जाणारे लोक त्यांच्याकडं बघून हसत होते.

आम्ही चांगले पळत होतो. डावीकडं, उजवीकडं, चढ, उतार, दुभाजक. पाचच शब्द पुरत होते. कॅम्पातल्या रस्त्यावर पाण्याचं टेबल आलं. लोक अर्धा ग्लास पीत होते आणि अर्धा डोक्यावर ओतून घेत होते. रस्ता ओला झाला होता. शुक्रवारीच मी एका गावाच्या टँकरच्या खेपा निम्म्या केल्याचं पत्र टाइप करून आलो होतो. माझ्या डोक्यात संताप चढला आणि मी तो भाऊंना बोलून दाखवला. त्यांनी ग्लासातलं पाणी सावकाश पिऊन संपवलं, दुसरा मागितला आणि माझ्याकडं डोकं वाकवलं. म्हणाले, इथलं पाणी आपल्याला तिकडं नेता येत न्हाई, ओता. मी ओतलं. मग त्यांनी माझ्याही डोक्यावर ओतलं, अंदाजानं, निम्मं खांद्यावर.

पंधरा किलोमीटरची पाटी गेली आणि पुलाच्या चढावर माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. मी दात आवळून चार पावलं पळालो. भाऊ आधीच हळू झाले होते. नाडीतून त्यांना माझ्याआधी कळलं असावं. मी रस्त्याच्या कडेला बसलो. त्यांनी खाली बसून माझी पोटरी दाबून पाहिली आणि म्हणाले, दगड झालाय, हे लवकर सुटत न्हाई.

मी रडायच्या बेताला आलो होतो. पायाचं दुखणं होतंच, पण त्याहून जास्त हे, की माझ्यामुळं यांची तार पुन्हा मध्येच संपली. मी म्हणालो, आपण दोघं चालत जाऊ.

तेवढ्यात मागून एक बाई आल्या. चाळिशीच्या असतील, सलवार-कमीज, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. पळता पळताच त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. त्या एका शाळेत खेळ शिकवत होत्या, हे मला नंतर कळलं. मी सगळं सांगितलं. सांगताना मला वाटलं नव्हतं की मी त्यांच्याकडं काही मागतोय, पण त्या थांबल्या आणि भाऊंना म्हणाल्या, “माझ्याबरोबर येता का?”

भाऊ उभे राहिले. “ताई, जागेवर पळत पळत एकपासून वीसपर्यंत म्हणा बरं.”

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. बाईंनी का म्हणूनही विचारलं नाही. जागेवरच पळत त्या मोजू लागल्या. भाऊ मान तिरपी करून ऐकत होते, बोर्डासमोर बसून ऐकायचे तसे. बाई बाराला आल्या तेव्हा ते बास म्हणाले आणि माझ्याकडं वळले. “ह्यांचा श्वास पुरंल.”

मग त्यांनी माझ्या छातीवरचा नंबर विचारला. मी सांगितला. त्यांनी तो एकेक आकडा तोडून परत म्हटला, फोनचा नंबर म्हणावा तसा. रस्ता सोडू नका, म्हणाले. आणि बाईंनी नाडीचं टोक धरलं, दोघं निघून गेले.

इतके महिने मी त्यांच्याबरोबर पळालो होतो, पण नेहमी बाजूला, नजर रस्त्यावर. त्यांना पळताना मी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी पुलाच्या कठड्याला टेकून मी पहिल्यांदा पाहिलं. मान सरळ. खांदे सैल. पाय असे पडत होते, जसा माणूस आपल्याच घरात पाणी प्यायला उठून जातो. कुठं चाचपणं नाही, अंग चोरणं नाही. मी एवढे दिवस समजत होतो की यांना मी पळवतो.

अर्ध्या तासानं मी लंगडत निघालो. मागं कुणीच उरलं नव्हतं. रस्ते हळूहळू मोकळे करत होते. बहुतेक वाट संपवली तेव्हा एका चौकात वायरलेसवाला हवालदार माझा नंबर बघून पुढं आला.

“तुम्हीच का ते टंचाई?”

मी हो म्हणालो.

“मघापासून वायरलेसवर विचारतायत, टंचाई कुठवर आली. आम्हाला कळेना, कसली टंचाई.”

भाऊ केव्हाच पोचले होते. पोचल्यावर पाणीही न पिता त्यांनी पोलिसांचा वायरलेस कुठं आहे ते विचारलं होतं आणि तिथल्या शिपायाशेजारी बसून माझा नंबर प्रत्येक चौकाला कळवला होता. पुढच्या चौकात माझ्यासाठी स्टूल मांडलेलं होतं आणि कुणीतरी मीठ घातलेलं लिंबूपाणी हातात दिलं. त्याच्या पुढच्या चौकात वाहतूक सुरू झाली होती. तिथल्या शिपायानं हात वर करून एक भरलेली बस थांबवली, एकट्या मला लंगडत जाऊ देण्यासाठी. बसमधली माणसं खिडकीतून डोकावून हा कोण मोठा माणूस चाललाय ते बघत होती. मला लाजही वाटत होती आणि ऊरही भरून आला होता.

मैदानावर मांडव सोडायला सुरुवात झाली होती. भाऊ खुर्चीवर बसले होते, बाई शेजारी उभ्या. मी अजून वीस-पंचवीस पावलं लांब होतो तेव्हाच ते उठले आणि म्हणाले, “डावा पाय अजून ओढताय.”

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. मी बरोबर नसलेले सहा किलोमीटर त्यांनी मला सांगितले. पूल उतरल्यावर वारा कसा बंद झाला, एका बेकरीतून गरम पावाचा वास आला, मग दोन्ही बाजूंना उंच भिंती असाव्यात, कारण पावलं परत ऐकू येत होती, मग एक लांब चढ, तिथं बाई बोलायच्या थांबल्या, आणि चढ संपल्यावर उजव्या हाताला झाडं. मी दोनदा विचारलं तरी क्रम एकदाही चुकला नाही. शेवटी त्यांनी मला विचारलं की ताई दिसायला कशा आहेत. मी सांगितलं, ठेंगण्या आहेत. ते थोडे खट्टू झाले. त्यांना वाटलं होतं उंच असतील.

दोन वर्षांनी माझी बदली नांदेडला झाली. तोवर पाऊस झाला होता, टंचाई शाखेला नवीन टेबलं आली होती आणि माझी पोटरी मात्र कायमची रुसली होती. भाऊ त्या बाईंबरोबर दर वर्षी पळत राहिले. एका वर्षी मी मुद्दाम रजा काढून पुण्याला गेलो आणि शेवटच्या त्या लांब चढाच्या खाली उभा राहिलो.

भाऊ आणि बाई आले तेव्हा त्यांच्या बरोबरीनं कॉलेजातला एक पोरगा पळत होता, पार दमलेला. त्याला भाऊंचे डोळे कळलेच नव्हते. धापा टाकत त्यानं यांनाच विचारलं, काका, अजून किती राहिलं?

भाऊंनी मान किंचित तिरपी केली. दोन किलोमीटर, म्हणाले, हा चढ तेवढा मोठा आहे, तो झाला की उजवीकडं झाडं लागतील, तिथं सावली मिळंल.

पोरगा ‘हो’ऐवजी ‘हाव’ म्हणाला. म्हणजे आमच्याच बाजूचा कुणीतरी होता. मी हाक मारणार होतो, पण त्यांचा श्वास मोडेल म्हणून मारली नाही. तिघं चढाला लागले.