ठमाबाईंचा एका दिवसाचा खंड

ठमाबाई दिघाशी गावच्या. भिवंडीत पालिकेच्या प्रसूतिगृहात त्यांनी अकरा वर्षं दाईचं काम केलं, आणि या अकरा वर्षांत सरकारच्या लेखी त्यांची नोकरी कधीच सहा महिन्यांपेक्षा जुनी झाली नाही.

दाईचं पद वरून मंजूर नव्हतं. पालिका दर सहा महिन्यांनी ठराव करायची, ‘हंगामी दाई म्हणून नेमावे’. ठराव ठाण्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचा, संमती घेऊन परत यायचा. सलग नोकरी झाली तर बाई कायम होण्याचा हक्क सांगेल, म्हणून दोन नेमणुकांच्या मध्ये त्यांना एक दिवस घरी बसवत. त्याला खंड म्हणत. आस्थापनेचे कारकून सावळाराम आदल्या दिवशी येऊन सांगायचे, “ठमाबाई, उद्या तुम्ही नाही.”

“न्हाय म्हंजे? येक दीस मरायचं नि परवा जलमायचं?”

“तसंच समजा.”

“मंग बारशाचे पेढे तू आन. बाप तूच ना!”

खंडाच्या दिवशी त्या अकलोलीला जायच्या. उभं राहून राहून गुडघे धरलेले असत. तिथल्या देवळाजवळच्या कुंडाच्या ऊन पाण्यात पाय सोडून बसायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परतायचं. “सरकार मना वरसातून दोनदा देवाला धाडतंय,” असं त्या सगळ्यांना सांगत.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे ते त्या सांगत आणि ते बहुधा चुकत नसे. पॉवरलूमवरच्या परप्रांतीय कामगारांच्या बायका कळांनी ओरडू लागल्या की ठमाबाई त्यांचा हात धरून म्हणत, “सांस मत छोड बेटी, मैं है ना.” त्यांचं हिंदी ऐकून बाया कळांतही हसायच्या.

चौऱ्याहत्तर सालच्या सुरुवातीला दिल्लीत काटकसरीचं धोरण ठरलं. ते मुंबईला आलं, तिथून ठाण्याला आणि ठाण्याहून परिपत्रक होऊन आमच्या पालिकेत: पूर्वमंजुरीवाचून स्थानिक संस्थांनी कोणतंही पद भरू नये. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकले आहे. पालिकांवर वरच्या सरकारची नजर का हवी, हे मला पाठ होतं. नजर नसली तर पुढारी भाच्यापुतण्यांना नोकऱ्या वाटतात. ते आजही मला खोटं वाटत नाही.

एक फेब्रुवारीला ठमाबाईंचा खंड होता. त्या अकलोलीहून आल्या आणि दोन तारखेला कामावर गेल्या, तर सावळाराम दारातच उभे. “ठरावाला संमती आलेली नाही. हुकूम येईस्तोवर आत पाऊल टाकायचं नाही. सिस्टरनाही लेखी कळवलंय.”

ठमाबाई बाहेरच्या पायरीवर बसल्या. मग रोज सकाळी येऊन बसू लागल्या. एक दिवसाचा खंड अकरा दिवसांचा झाला.

बाराव्या दिवशी माझी मुलगी मैना बाळंतपणासाठी तिथे दाखल झाली. पहिलंच होतं. डॉक्टर बैठकीसाठी ठाण्याला गेलेले. पार्वती सिस्टर एकट्या होत्या. दुपारी त्यांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “पायाळू आहे. पाय खाली आलाय. ठाण्याला न्यायला हवं होतं, आता वेळ नाही.”

मी काही बोलायच्या आत त्या दाराकडे पळाल्या. “ठमाबाई, आत या.”

“हुकूम आला?”

“नाही आला.”

ठमाबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात धुतले. मैना किंचाळत होती. “पोरी, आता बिलकूल जोर करू नको. मी सांगन तवा कर. तवर मना शिव्या दे. तुझ्या सासूला देतेस तशा दे.” मैनेने खरंच एक शिवी दिली. मग ठमाबाई नुसतं ‘थांब’ आणि ‘आता’ एवढंच म्हणत राहिल्या. बाळ निळं आलं. ठमाबाईंनी त्याला पालथं धरलं, तोंडातून बोट फिरवलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. ते रडलं तेव्हा मी खाली बसले.

हात धुताना त्या सिस्टरना म्हणाल्या, “वहीत तुझं नाव लाव. मी आज न्हाय.” मग माझ्याकडे वळल्या. “गो बाय, कुठं बोलू नको.”

मला वाटलं, हा त्यांचा विनय.

चौथ्या दिवशी मी जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. खरं ते सगळं, तारीख-वेळेसकट. संमती नसतानाही या बाईने दोन जीव वाचवले, अशी बाई नेमायला मंजुरी मिळू नये हे दुर्दैव आहे, असं लिहिलं. खाली नाव, सही, पत्ता. आता ठमाबाई कायम होणार अशा खुशीत मी तो स्वतः टपालात टाकला.

मार्चमध्ये उत्तर पालिकेला आलं. मंजुरी नसलेल्या काळात अनधिकृत व्यक्तीकडून काम करून घेतलं, हे निदर्शनास आलं आहे. सबब नेमणुकीचा ठराव तहकूब. सदर व्यक्तीस यापुढे कोणत्याही नावाखाली नेमू नये. परिचारिकेने नोंद चुकीची केल्याबद्दल खुलासा द्यावा.

परवा ठमाबाई त्या पत्राची नक्कल घेऊन माझ्याकडे आल्या. “वाच.”

मी वाचलं. वरची संदर्भाची ओळ सोडली आणि ‘विषय’पासून सुरुवात केली.

“वरची वळ का गाळलीस?” त्या म्हणाल्या. “सावळारामनं मना वाचून दाखवली. तुझं नाव हाय तिथं.”

मला तोंड वर करता येईना. “मी तुमच्या भल्यासाठीच...”

“भल्यासाठीच गो. वायटासाठी कोन येवढं चांगलं अक्षर काढील?” त्या हसल्या, पण लगेच थांबल्या. “आता रडू नको. सिस्टरला दोन लेकरं हायेत, तिची नोकरी जायला नको. माझी मना परत पायजे. दुसरा अर्ज लिव. खोटा लिव.”

“काय लिहू?”

“का ठमाबाई माझी मावशी लागते. भाचीच्या पोरीपाशी नात्याची बाई म्हनून आत बसली. बाळंतपन सिस्टरनंच केलं, घाबरून माझी बघन्यात चूक झाली. नात्याच्या बाईला आत बसायला कोनाचा हुकूम लागत न्हाय ना?”

खरंच लागत नाही. इतका साधा मार्ग मला सुचला नव्हता. मी कागद ओढला, आणि मग माझा हात थांबला. पहिल्या अर्जाच्या शेवटी मी एक वाक्य मुद्दाम घातलं होतं. माझ्या शब्दाला वजन यावं, वशिल्याचा संशय येऊ नये म्हणून. ‘सदर बाई माझ्या नात्यातील नाहीत व त्यांच्याशी माझा कोणताही पूर्वसंबंध नाही.’ तो अर्ज ठाण्याच्या फाइलीत लागला आहे, माझ्याच सहीने.

मी त्यांना ते सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही.

ठमाबाई म्हणाल्या, “म्हंजे ती बी वाट तूच बुजवलीस.”

“ठमाबाई, मला...”

“न्हाय, गप. मना इचार करू दे.” पण विचार त्यांनी केला नाही. टेबलावरची शाईची बाटली उघडली, अंगठा बुडवला आणि कोऱ्या कागदाच्या तळाशी दाबला. “कायद्यातलं मना काय कळतंय? तू शिकलेली हायस. वर काय लिवायचं ते तू शोध. सोमवारी सावळाराम ठान्याला जातंय, त्याच्या हाती दे.”

आज रविवार. दुपारचे बारा वाजून गेले. खाली तो अंगठा आहे आणि वरचा सगळा कागद मोकळा आहे. खरं लिहिलं तर सिस्टर जातात, खोटं लिहिलं तर माझंच पहिलं पत्र उलटतं. ‘मा. जिल्हाधिकारी यांस’ एवढं लिहायलाही मी टाक टेकवत नाही, कारण ठमाबाईंचा अंगठा असलेला असा एकच कागद माझ्याकडे आहे.