खरूज कुणाकडून आली

आम्ही शाळेत पोचलो तेव्हा तिसरीतली पूजा एकटीच व्हरांड्यात बसली होती. वर्गात फळ्यावर बेरजा चालू होत्या आणि ती दारातून बघून उतरवून घेत होती.

मी शाळेतल्या मुलांची तपासणी करणारी डॉक्टर. मारुंजी गावाच्या बाजूच्या काही शाळा आमच्या टीमकडे आहेत. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की या मुलीमुळे वर्गाला खाज सुटलीय अशी एका पालकांची तक्रार आहे.

मी तिचे हात पाहिले. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, मनगटावर ओरखडे, काहींत पू. खरूज. डोळ्यांना न दिसणारा एक किडा कातडीत घर करतो, त्यातून ती होते. जवळ झोपणाऱ्या, एकमेकांना चिकटून बसणाऱ्या माणसांत पसरते. अंघोळ केली नाही म्हणून होते, हा गैरसमज आहे. औषध सोपं आहे. रात्री मानेखाली सगळ्या अंगाला लोशन लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा एकदा. पण घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं, खाज असो वा नसो.

मला काळजी वेगळीच वाटली. पूजाचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते. अशा जखमा चिघळल्या की कधीकधी पुढे किडनीला सूज येते, आणि ते आधी डोळ्यांभोवती दिसतं. मी जखमांसाठी गोळ्या दिल्या आणि लघवी तपासायला सांगितलं.

मग सगळा वर्ग तपासला. सर्वांत जुने, काळे पडलेले डाग श्रेयसच्या अंगावर होते. गणपतीतसुद्धा खाजत होतं, असं तोच म्हणाला. पूजाचं कुटुंब जालन्याहून आलं ते दिवाळीनंतर. तिचे वडील फरशी बसवायचे. राहायला ते श्रेयसच्याच वडिलांच्या चाळीत, भाड्याच्या रूममध्ये. तक्रारही त्याच्याच वडिलांची होती.

दुपारी मी त्यांच्याकडे गेले. गावात त्यांना अण्णा म्हणतात. चहा आला, विचारपूस झाली.

"आमच्या घरात असलं काय न्हाई, मॅडम," अण्णा म्हणाले. "पोराला उष्णता हाय. ही बाहेरची लोकं आली आन् हे सुरू झालं."

श्रेयसची खाज त्याआधीची आहे, हे मी शांतपणे सांगितलं. दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या आईने पदर मनगटावर ओढून घेतला. अण्णांनी ते पाहिलं. मग म्हणाले, "तुमी भाडेकरूंना द्या औषध. आमाला नको. गावात काय म्हनतील?"

मी टेबलावर ठेवलेल्या लोशनच्या बाटल्या त्यांनी आमच्या ड्रायव्हरच्या हातात परत दिल्या.

चाळीतल्या सगळ्यांनी औषध लावलं. पूजाच्या आईने रूम-रूम फिरून बायकांना समजावलं, अंथरुणं-पांघरुणं उकळली. पूजाच्या लघवीत रक्त निघालं. मी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तिचे वडील सुट्टी काढून नेणार होते.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा पूजा वर्गात नव्हती. चाळीतल्या मुलांना पुन्हा खाज सुटली होती. श्रेयस त्यांच्यातच खेळायचा, त्याच्यावर उपचार झालेच नव्हते. अण्णांनी मात्र पूजाच्या घरच्यांना रूम खाली करायला लावली होती.

मी तिच्या आईला फोन केला.

"ताई, आता साइटवरच राहतो, पत्र्याच्या खोलीत," ती म्हणाली. "दवाखान्यात जाणं झालंच नाही. पोरीचे पाय सुजलेत."

आम्ही गाडी तिकडेच वळवली. पूजा पत्र्याला टेकून बसली होती. चेहरा इतका सुजला होता की मी क्षणभर तिला ओळखलं नाही. तिला नेऊन अ‍ॅडमिट केलं. तिचं बीपी फार वाढलं होतं. पहिले काही दिवस डॉक्टर काहीच खात्रीने सांगत नव्हते. मग सूज उतरत गेली. मुलगी वाचली.

शाळेत मात्र ती परत आली नाही. आईवडील तिला घेऊन गावी गेले. नंतर तिच्या आईचा फोनही लागेना. तिथे तिचं नाव कुठल्या शाळेत घातलं का, मला माहीत नाही.

अण्णांच्या घराने औषध लावलं ते त्यांच्या दोन वर्षांच्या पुतणीच्या अंगावर पू भरलेले फोड आले तेव्हा. त्याआधी पूजाच्या रिकाम्या झालेल्या रूममध्ये नवीन भाडेकरू आले होते, आणि त्यांचाही मुलगा खाजवायला लागला होता.

खरूज निघाली की आता मी भाडेकरूंपासून सुरुवात करत नाही. आधी मालकाचं दार वाजवते. चहा नंतर घेते.